आईच्या नावाची सुट्टी

आईला मी मारलं तेव्हा ती तेलंगणातल्या आमच्या गुडीहत्नूरच्या बाजारात कांदे निवडत होती. तिला काही झालं नव्हतं. मी समुद्रापलीकडे, आखातातल्या एका घराच्या दिवाणखान्यात, गालिच्याच्या कडेला चपला काढून उभा होतो आणि माझ्या मालकिणीला सांगत होतो की माझी आई आज सकाळी वारली.

ही वेळ का आली ते आधी सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याचं माझ्याबद्दल अर्धवट वाईट मत होईल, आणि अर्धवट कामांचा मला राग आहे.

तिकडे आमच्यासारख्यांचे कामाचे व्हिसे दोन जातींचे. जात म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांचे कान उभे राहतात, पण मला दुसरा शब्द सापडत नाही. घरच्या व्हिसावर गेलेला ड्रायव्हर त्या घराचा. त्याला दुसरीकडे काम धरता येत नाही, बायकोपोरांना आणता येत नाही, आणि पहाटे चारला हाक आली तरी दिवस कधी सुरू झाला हे कोणाला विचारता येत नाही. कंपनीच्या व्हिसावरच्या माणसाला कामाचे तास असतात, आठवड्याची सुट्टी असते, आणि पगार ठरलेल्या रेषेवर गेला की कुटुंबाला बोलावता येतं. एका जातीतून दुसऱ्या जातीत जायला एरवी बंदी. आमच्या घराला जात सोडायचा अनुभव आहे, ते काम आजोबांनी केलं होतं, पण त्यांना त्यासाठी मालकाची सही लागली नव्हती.

मी सात वर्षं घरच्या व्हिसावर होतो. त्या वर्षी तिकडच्या सरकारनं दोन महिन्यांपुरतं दार किलकिलं केलं. घरच्या व्हिसावाल्यांनी कंपनीत जायचं असेल तर जावं, फक्त मालकानं आपल्या फोनवरच्या सरकारी ॲपमध्ये मंजुरी द्यावी. माझी लेक चार वर्षांची झाली होती आणि मी तिला एकूण साडेतीन महिने पाहिलं होतं. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गॅरेजमध्ये मला मेकॅनिकची नोकरी मिळत होती. त्यांची अट एकच होती, आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र आणि त्यावर सरकारी शिक्के.

मूळ प्रमाणपत्र मी कधी आणलंच नव्हतं. परीक्षा झाली, तात्पुरता कागद मिळाला, त्याची झेरॉक्स घेऊन मी विमानात बसलो. मूळ कागद सात वर्षं आयटीआयच्या कपाटात पडून होता आणि तो घ्यायला माणसाला स्वतः जाऊन रजिस्टरात दस्तखत करावी लागते. म्हणजे घरी जाणं भाग होतं. पण दर दोन वर्षांनी मिळणारी माझी सुट्टी आदल्याच वर्षी झाली होती, आणि मालकिणीला खरं कारण सांगायची सोय नव्हती. माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं तिच्याकडे दुसरीकडे जायची परवानगी मागितली होती. आठवड्याच्या आत त्याचा व्हिसा रद्द झाला. त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो, तो माझा त्या घरातला पहिला दिवस होता.

मधल्या सुट्टीला एकच कारण चालतं, मरण. आम्ही ड्रायव्हर लोक मशिदीबाहेर गाड्या लावून चहा प्यायचो तेव्हा याची उघड चर्चा व्हायची. आधी काका मारायचा, मग आत्या, मग सासरा. आईला शेवटपर्यंत राखून ठेवायचं, कारण ती एकदाच कामी येते. माझे बाबा खरेच गेले होते आणि त्यांची सुट्टी मी खरी घेतली होती. काका-आत्यासाठी महिनाभर कोणी सोडत नाही. मग राहिलं कोण?

मालकीण ऐंशीच्या घरातली, विधवा, गुडघ्यांनी अधू. तिकडे घरकामाची माणसं मालकिणीला ‘मामा’ म्हणतात, म्हणजे आई. आपल्याकडच्या माणसाला पहिले सहा महिने हसू येतं, मग जिभेला सवय होते. ती मोडकं हिंदी बोलायची, मी मोडकी अरबी. मी तिला दवाखान्यात न्यायचो, बहिणीकडे न्यायचो, दर गुरुवारी नवऱ्याच्या कबरीवर न्यायचो. आईचं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ ओठ हलवत बसली. मग काठी टेकत उठली, कपाटातून कापडाचा तागा काढला, निळा, बारीक पांढऱ्या फुलांचा. नवऱ्यानं कधीतरी प्रवासातून आणलेला, तिनं जपून ठेवलेला. त्यातलं चार हात कापड कातरून माझ्या हातात दिलं.

“घरातल्या बायकांना दे,” ती म्हणाली. “आणि ऐक. आता तुला आई नाही. मी आहे.”

मला तिथेच खरं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. सुट्टी मिळाली होती.

हैदराबादहून नागपूरकडे जाणाऱ्या बसनं मी हायवेवर उतरलो, तर आई शेळीला पाला घेऊन फाट्यावरच उभी. मी काहीतरी विसरून आलोय अशा नजरेनं तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “असा अचानक काऊन आला? नोकरीवरून काढलं का?” मी म्हणालो, सर्टिफिकेटचं काम आहे. तेवढं खरं होतं.

पुढचे दिवस आयटीआयच्या ऑफिसात गेले. कारकून भला होता, पण ज्याच्याकडे कपाटाची किल्ली तो माणूस ट्रेनिंगला गेलेला. “रेपु,” कारकून म्हणायचा. रेपु म्हणजे तेलुगूत उद्या. असे चार रेपु झाल्यावर कागद हातात आला. मग तो शिक्क्यांसाठी हैदराबादला पाठवला आणि मी वाट पाहत घरी बसलो. खरा तुरुंग मात्र घरातच होता, आणि तो मीच बांधला होता.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सहाला मालकिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारची नमाज आटोपलेली. आमच्या घरात फोनला रेंज फक्त पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी मिळते. मी उंबऱ्यात, मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, तसबिरीखाली आई डाळ निवडत बसलेली. पडद्यावर म्हातारीचा चेहरा उमटायच्या आत मी आईला दंडाला धरून उठवलं आणि स्वयंपाकघरात लोटलं. लोटलं हाच शब्द बरोबर आहे. दार ओढून घेतलं. बायकोला फोनसमोर बसवलं. म्हातारी रडली, बायकोनं पदर डोळ्यांना लावला. बायको खासगी शाळेत शिकवते, तिला सगळं मी रात्रीच सांगितलं होतं आणि तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, पण पदर लावला.

कॉल संपल्यावर आई बाहेर आली. हातात सूप तसंच.

“ते बाई काऊन रडून राह्यली? कोन मेलं?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, व्हिसा, सही, सुट्टी.

“कवा मेली मी?”

“मागच्या मंगळवारी.”

“मंगळवारी त मी बाजारात होती. कांदे घेतले.” तिनं सुपातल्या डाळीतला एक खडा काढून टाकला. “सगळे सडके निघाले. म्हनलं आज असं काऊन झालं.”

मी हसलो. ती हसली नाही. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना ती आपली आपण उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली. ती मला शिव्या देती तर मी सहन केलं असतं. त्या कडीचा आवाज मला सहन झाला नाही.

रोज सहाला हेच. पत्र्याचं छप्पर, एकच झरोका आणि तोही शेजारच्यांच्या भिंतीकडे उघडणारा, पावसाळ्याची दमट उकड, आणि त्यात माझी जिवंत आई. बाहेर मी पोरक्या माणसाचं तोंड करून बसलेला. म्हातारीचे कॉल लांबत चालले. पंधरा मिनिटांचे पाऊण तास झाले. बदली ड्रायव्हर ब्रेक जोरात दाबतो, तिचे गुडघे पुढे आदळतात. गुरुवारी कबरीवर जाणं चुकलं. जेवलास का, झोप लागते का, आई स्वप्नात येते का. माझ्या आईनंही मला इतकं कधी विचारलं नव्हतं. तिचं मन विरघळलंय हे पाहून मी भीतभीत फोनवरच्या मंजुरीचा विषय काढला की ती पुढचं ऐकून न घेता म्हणायची, “आधी दुःख संपव. आल्यावर बोलू.” कॅलेंडरवर ते दोन महिने कमी होत चालले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगितलं तर सही गेली, नोकरी गेली, आहे तो व्हिसाही गेला. खोटं चालवलं तर आई आत.

एकदा म्हातारी म्हणाली, “तुझ्या आईची जागा दाखव. मी दुआ वाचते.” आमच्यात जाळतात हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. मी फोन घेऊन उंबऱ्याबाहेर गेलो, रेंज तुटेना तेवढ्यावर थांबलो आणि समोरच्या बांधावरच्या निंबाकडे कॅमेरा केला. तिनं दोन्ही हात पसरून दुआ वाचली. मीही मान खाली घातली.

“कोन्ती जागा दाखवली?” आईनं नंतर विचारलं.

“निंबाखालची.”

“तिथं त आपन शेळी बांधतो.” मग म्हणाली, “चांगली सावली आहे तशी.”

दहाएक दिवस गेले असतील. एका संध्याकाळी कॉल संपल्यावर मी कडी वाजवली तर आत आई जमिनीवर कापडं पसरून बसलेली. वाकळ शिवत होती. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात.

“आज किती टैम बोलली?”

“पाऊण तास.”

“तेवढ्यात माह्या दोन ओळी झाल्या,” ती म्हणाली. “बसून काय करू? मेलेल्या मानसाले काम नसते म्हनतात, पन मले त आहे.”

“कोणासाठी शिवतेस?”

“तुह्या दुसऱ्या मायसाठी. बाई माह्यासाठी रडली. माहा सख्खा भाऊ मले इतका रडनार नाई. रिकाम्या हातानं कसा जाशील तू?”

मी खाली बसून सुईत दोरा ओवून दिला. तिला आता ओवता येत नाही.

वाकळेचा आमच्याकडे एक रिवाज आहे. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरचा एक तुकडा तिच्यात जातो. त्याशिवाय ऊब येत नाही असं बाया म्हणतात. बाबा शाळेत अटेंडर, म्हणजे शिपाई होते, त्यांच्या खाकी पँटीचा तुकडा होता. माझ्या शाळेच्या शर्टाचा, बायकोच्या साडीचा, लेकीच्या फ्रॉकचा, आईच्या हिरव्या लुगड्याचा होता. आणि जिला वाकळ द्यायची तिच्याकडचा तुकडा बरोबर मधोमध. तो नसला तर वाकळ तिची होत नाही, शिवणारीचीच राहते. आईनं मधोमध निळा तुकडा बसवला होता, बारीक पांढऱ्या फुलांचा.

तो मी पाहिला. माझ्या बायकोनंही पाहिला आणि म्हणाली, मधात उठून दिसते. एक आयटीआय, एक बीएड आणि चाळीस वर्षं वाकळा शिवलेली एक बाई, तिघांनी तो तुकडा पाहिला आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. आमच्यासाठी ती साधी गोष्ट होती. जिची वाकळ, तिचं कापड.

शिक्के मारलेला कागद आला. निघायच्या आदल्या दिवशी आईनं वाकळेची घडी घालून पिशवीत ठेवली.

“सांग तिले, मायनं मराच्या आधी शिवली. म्हन, अखेरचं काम.”

“माय, राहू दे ना.”

“सांग म्हनते ना. अन् तिनं सही नाई केली त?”

“मग परत त्याच व्हिसावर. तिचाच ड्रायव्हर.”

“मंग मी मेलेलीच राहीन.” ती पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती. “मेलेलं कोंबडं आगीले भेत नाई. जा तू.”

मी पोचलो तेव्हा मुदतीचे नऊ दिवस उरले होते. दिवाणखान्यात म्हातारी तिच्या खुर्चीत. मी आईनं शिकवलेलं वाक्य बोललो, आईनं मरायच्या आधी शिवलेली, तुमच्यासाठी. तिनं वाकळ मांडीवर पसरून घेतली. तिला नीट दिसत नाही, पण बोटांना कळतं. ती एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारत गेली, हा कोणाचा. बाबांचा. हा? माझा, शाळेतला. हा लहान? लेकीचा. हा हिरवा? आईचा. तिनं हिरव्यावरून दोनदा हात फिरवला. मग तिचा हात मधोमध आला आणि थांबला.

गळ्यात लोंबणारा चष्मा तिनं डोळ्यांवर चढवला.

त्या क्षणी मला कळलं. महिनाभर जे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. तो तागा तिच्या कपाटातला. ते कापड तिनं स्वतः कातरून दिलेलं, माझी आई मेली म्हणून. मेल्यावर दिलेलं कापड मेलेल्या बाईनं कसं शिवलं? खोलीत एसीचा आवाज होता आणि मी दाराकडे पाहत होतो. मला तो विमानतळावर सोडलेला ड्रायव्हर आठवला, त्याची दोरीनं बांधलेली पेटी आठवली.

“ही कधी शिवली?” तिनं विचारलं.

उत्तर तोंडात तयार होतं. नुकतंच दिलंही होतं. ते पुन्हा द्यायचं होतं, एवढंच. मला ते देता आलं नाही. निळा तुकडा तिथे होता, त्यावर आईचे टाके होते, आणि आई पत्र्याखाली कडी लावून ते टाके घालत होती.

“मामा,” एवढंच मी म्हणालो.

ती टाके पाहत राहिली. मग तिनं वाकळेची घडी घातली, निळा तुकडा वर येईल अशी. बाजूच्या टेबलावरचा आपला फोन उचलून माझ्यासमोर धरला.

“कुठे दाबायचं ते दाखव.”

मी दाखवलं. तिनं अंगठा ठेवला. सात वर्षं ज्याच्यासाठी अडून होतं ते अर्ध्या मिनिटात झालं. मग ती काठी टेकत कपाटाकडे गेली. मी मदतीला पुढे झालो तर तिनं हातानं थांबवलं. ताग्याचं उरलेलं सगळं कापड काढून तिनं माझ्या हातात दिलं.

“जिनं शिवलं तिला दे. टाके सरळ आहेत तिचे.” मग खुर्चीत बसली. “गाडीची किल्ली टेबलावर ठेव आणि जा.”

वाकळ तिच्या मांडीवर होती. मी किल्ली ठेवली आणि निघालो. त्यानंतर तिचा फोन कधी आला नाही. ईदला मी करतो तर नवा ड्रायव्हर उचलतो आणि मामा झोपली आहे म्हणतो. तिनं मला माफ केलं की हाकललं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बायको म्हणते, दोन्ही. मला ते उत्तर आवडत नाही, पण माझ्याकडे त्याहून बरं नाही.

फाटकाबाहेर येऊन मी घरी फोन लावला. बायकोनं उचलला. मी म्हणालो, आईला दे.

“आत गेल्या,” ती म्हणाली. “फोन वाजला ना.”

आपल्याकडे सहा वाजले होते. थोड्या वेळानं आई उंबऱ्याशी आली.

“झालं का?”

“झालं. सही केली.”

“अन् वाकळ?”

“ठेवून घेतली. उरलेलं सगळं कापड तुझ्यासाठी दिलं.”



“म्हंजे कळलं तिले,” ती म्हणाली.

“हो.”

“मंग आता फोन आला त मी भाईर बसू का?”

“बस, माय,” मी म्हणालो. “बाहेरच बस.”

आता बायको आणि लेक इथे आखातात माझ्याजवळ आहेत, कंपनीनं दिलेल्या दोन खोल्यांत. लेक इथल्या शाळेत जाते. आई गावी एकटी आहे, इकडे ये म्हटलं तर शेळीचं कारण सांगते. निळ्या कापडाला तिनं अजून कातर लावलेली नाही. मी रोज गावाकडचे सहा वाजले की व्हिडिओ कॉल लावतो. ती उचलते, लेकीला पाहून हसते, आणि बोलता बोलता सवयीनं उठून आत चालू लागते. पडद्यावर तसबीर हलते, मग पत्रा दिसतो, मग कडीचा आवाज येतो. तिथे रेंज नाही. फोन कटतो आणि मी पुन्हा लावतो.